जुन्या मोटारीचे इंजिन घरच्या कार्यशाळेत सुधारताना

जुन्या मोटारीच्या इंजिनातून थोडी जास्त शक्ती काढावी असे एकदा मनाने घेतले की हात पहिल्यांदा कार्ब्युरेटरकडे आणि सायलेन्सरकडे जातो, कारण ही दोन्ही बाहेरून दिसतात आणि एका सुटीच्या दिवसात बदलून होतात. प्रत्यक्षात अशा इंजिनातली शक्ती हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवर झाकणासारख्या बसणाऱ्या वरच्या भागात, अडकलेली असते आणि ती मोकळी करायला पान्यांपेक्षा मोजमापाची साधने जास्त लागतात. पुढचे सगळे विवेचन चार सिलिंडरच्या, कार्ब्युरेटरच्या आणि पुशरॉडने (फिरत्या कॅम दांड्याची ढकल वर पोहोचवणाऱ्या काठ्यांनी) व्हॉल्व्ह उघडणाऱ्या साध्या पेट्रोल इंजिनाला धरून केले आहे. येथे दिलेले आकडे सर्वसाधारण आहेत. आपल्या इंजिनाच्या दुरुस्ती-पुस्तिकेत वेगळा आकडा असेल, तर तोच प्रमाण मानावा.

उघडण्याआधी

इंजिन उतरवण्याची घाई करू नये. आधी त्याची आजची अवस्था वहीत उतरवून घ्यावी, कारण झिजलेल्या इंजिनावर केलेली सुधारणा म्हणजे ओल धरलेल्या भिंतीवर दिलेला रंग असतो. इंजिन चालवून चांगले गरम करावे, चारही प्लग काढावेत, इग्निशन कॉइलची वायर सोडावी, कोणाला तरी अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायला सांगावे आणि कॉम्प्रेशन गेज लावून काटा वर चढायचा थांबेपर्यंत स्टार्टर फिरवावा. चारही सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत असावेत. एखादा आकडा कमी आला, तर त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा चढला, तर दोष रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) किंवा बोअरचा (सिलिंडरच्या भोकाचा) आहे. जागचा हलला नाही, तर व्हॉल्व्ह गळत आहेत. आणि शेजारशेजारचे दोन सिलिंडर बरोबरीने पडले असतील, तर बहुधा त्यांच्यामधले गॅस्केट गेलेले आहे. गरम इंजिनाचा ऑइल प्रेशरही पाहून ठेवावा. दर १००० आरपीएमला (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) साधारण १० पीएसआय (दाबाचे एकक) हा जुना ठोकताळा आजही उपयोगी पडतो.

याच टप्प्यावर ब्रेक, स्टिअरिंग आणि रेडिएटर यांच्याकडेही पाहावे. वाढलेली शक्ती म्हणजे वाढलेली उष्णता आणि वाढलेला वेग असतो, त्यामुळे या तिघांपैकी एकही दुबळा असेल, तर पैसा आधी तिथे लावावा. इंजिनात केलेल्या बदलांची नोंद नोंदणी कार्यालयात आणि विमा कंपनीकडे करावी लागते का, हेही काम सुरू होण्याआधीच विचारून घेतलेले बरे.

इंजिन उतरवताना बॅटरीची निगेटिव्ह तार सर्वांत आधी सोडावी. प्रत्येक नळीला आणि वायरीला चिठ्ठी बांधावी, फोटो काढावेत आणि पुशरॉड व टॅपेट (कॅम आणि पुशरॉड यांच्यामधले दट्टे) ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने पुठ्ठ्याला भोके पाडून त्यात खोचून ठेवावेत, कारण प्रत्येक टॅपेट कॅमच्या आपल्याच लोबवर (उंचवट्यावर) घासून बसलेला असतो आणि त्याची अदलाबदल झाली की दोघांचीही झीज झपाट्याने होते. गाडीखाली जायचे असेल, तर जॅकच्या भरवशावर कधीही जाऊ नये. लोखंडी स्टँड लावूनच जावे. जुन्या गॅस्केटांमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती कोरडी खरवडू नयेत आणि त्यांच्यावर तारेचा ब्रश लावलेले ड्रिल मुळीच चालवू नये. ओली करून, मास्क लावून काढावीत.

ब्लॉकचे काम

ब्लॉकबाबत घरी करण्यासारखे काम म्हणजे मोजणे आणि धुणे. बोअर वर, मध्ये आणि खाली, तिन्ही ठिकाणी क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) दिशेने आणि तिला काटकोनात असा दोनदा मोजावा. जुना बोअर वरच्या बाजूला जास्त खाल्लेला असतो आणि किंचित लंबगोलही झालेला असतो. रिंगा जिथपर्यंत पोहोचतात त्याच्या वर नखाला लागेल अशी धार उरते. झीज पुस्तिकेतल्या मर्यादेपलीकडे गेली असेल, तर बोअरिंग (भोक मोठे कापणे), होनिंग (दगडाने घासून बारीक रेघा पाडणे) आणि ओव्हरसाइझ पिस्टन यांना पर्याय नाही आणि ते काम मशीन शॉपकडेच द्यावे. ब्लॉक देण्याआधी पिस्टन हातात असावेत, म्हणजे प्रत्येक बोअर ज्याच्या त्याच्या पिस्टनच्या मापाने करता येतो.

मशीन शॉपमधून आलेला ब्लॉक दिसायला लख्ख दिसतो, पण होनिंगच्या रेघांमध्ये दगडाची बारीक पूड अडकलेली असते आणि ती नुसत्या रॉकेलने निघत नाही. गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि ताठ ब्रश घेऊन बोअर घासावेत आणि पांढरे फडके बोअरमधून फिरवल्यावर पांढरेच बाहेर येईपर्यंत घासत राहावे. त्यानंतर लगेच ऑइलचा हात फिरवावा, कारण उघड्या बिडावर पाहता पाहता गंज चढतो. ऑइलच्या वाटांची बुचे काढून त्यांच्यातूनही लांब ब्रश फिरवावा.

रिंग बोअरमध्ये उलट्या पिस्टनने सारखी ढकलून तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने मोजावी. साधारण ७० मिलिमीटरच्या बोअरला ०.२८ ते ०.३० मिलिमीटर फट योग्य असते. फट कमी असल्यास गरम झाल्यावर टोके एकमेकांना भिडून रिंग मोडते, म्हणून ती बारीक कानशीने वाढवावी लागते; कानस नेहमी बाहेरच्या कडेकडून आतल्या बाजूला चालवावी. बेअरिंगची फट मोजायला मेणासारखा मऊ प्लास्टिकचा बारीक धागा मिळतो. तो जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या गोल भागावर) क्रँकच्या लांबीच्या दिशेने ठेवून कॅप पूर्ण टॉर्कने आवळावी, क्रँक अजिबात न हलवता कॅप पुन्हा सोडावी आणि धागा किती रुंद चेपला गेला ते सोबतच्या पट्टीवर पाहावे. ५० मिलिमीटरच्या जर्नलला सुमारे ०.०५ मिलिमीटर फट ठीक समजावी.

इंजिन पूर्वीपेक्षा जास्त आरपीएमवर चालवण्याचा विचार असेल, तर पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड तराजूवर तोलून सर्वांत हलक्याच्या बरोबरीला आणावेत. पिस्टनमध्ये एका ग्रॅमच्या आत फरक राहिला म्हणजे पुरे. फिरण्याच्या वेगाच्या वर्गाच्या पटीत ताण वाढतो, म्हणजे ५००० ऐवजी ६००० आरपीएमला रॉडच्या बोल्टांवर येणारी ओढ १.४४ पट होते. जुने बोल्ट पुन्हा वापरण्याचा मोह इथे सोडून द्यावा.

हेड: खरे काम इथेच आहे

हेड टेबलावर आले की पहिली गोष्ट म्हणजे कॉम्प्रेशन रेशो काढणे, म्हणजे पिस्टन खाली असतानाची जागा तो वर असतानाच्या जागेच्या किती पट आहे ते पाहणे. एक उदाहरण घेऊ. बोअर ७० आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७२ मिलिमीटर असेल, तर एका सिलिंडरचे आकारमान २७७ सीसी (घन सेंटिमीटर) होते. रेशो ८.५ असेल, तर पिस्टन अगदी वर असताना उरणारी एकूण जागा २७७ भागिले ७.५, म्हणजे ३६.९ सीसी असते. तोच रेशो ९.५ करायचा असेल, तर ही जागा २७७ भागिले ८.५, म्हणजे ३२.६ सीसी हवी. ही सगळी जागा हेडमधली नसते. आवळून १ मिलिमीटर जाडीचे आणि ७२ मिलिमीटर भोकाचे उरणारे गॅस्केट ४.१ सीसी व्यापते आणि पिस्टन ब्लॉकच्या पृष्ठभागापेक्षा अर्धा मिलिमीटर खाली थांबत असेल, तर तिथे आणखी १.९ सीसी जातात. सपाट डोक्याच्या पिस्टनचे हे गणित आहे. पिस्टनला वाटी असेल, तर तिचे मापही यात धरावे. उरलेले २६.६ सीसी हेच हेडमधल्या चेंबरचे (मिश्रण जळते त्या पोकळीचे) उद्दिष्ट ठरते, आणि मूळ चेंबर ३०.९ सीसीचा होता.

चेंबर मोजायला ब्युरेट (आकडे कोरलेली, तोटीची काचनळी) आणि मध्ये भोक पाडलेली अॅक्रिलिकची जाड चकती लागते. हेड उलटे ठेवून व्हॉल्व्ह आणि प्लग जागेवर बसवावेत, चेंबरच्या कडेने ग्रीसचा अगदी पातळ थर देऊन चकती दाबून बसवावी आणि हेड किंचित तिरपे करून चकतीचे भोक सर्वांत वर येईल असे पाहावे, म्हणजे हवेचा बुडबुडा आपोआप त्याच्याकडे सरकतो. ब्युरेटमधून थोडा रंग मिसळलेले रॉकेल थेंबाथेंबाने सोडावे आणि शेवटचा बुडबुडा निघून भोकाच्या कडेला रॉकेल टेकले की आकडा वाचावा. चार चेंबरांत दीड-दोन सीसींचा फरक सापडला, तर आश्चर्य वाटू नये. ओतीव काम तसेच असते. धातू काढता येतो, घालता येत नाही, म्हणून लहान चेंबर घासून सर्वांत मोठ्याच्या बरोबरीला आणावेत आणि मगच हेड किती फेस करायचे (पृष्ठभाग कापून किती उतरवायचे) ते ठरवावे.

ते ठरवण्याची एक सोपी रीत आहे आणि ती कागदावरच्या गणितापेक्षा जास्त भरवशाची आहे. चकती काढून हेड पाणसळीने दोन्ही दिशांनी अगदी समतल करावे, ब्युरेटमधून बरोबर २६.६ सीसी रॉकेल चेंबरमध्ये सोडावे आणि हेडच्या पृष्ठभागापासून रॉकेलच्या पातळीपर्यंतचे अंतर डेप्थ गेजने मोजावे. जेवढे अंतर भरेल तेवढाच धातू काढायचा. आपल्या उदाहरणात कडेजवळ चेंबरचे क्षेत्रफळ ३३ चौरस सेंटिमीटर असेल, तर हे अंतर सुमारे १.३ मिलिमीटर येते.

हे लिहिण्याचा अधिकार मला एका चुकीने दिला आहे. पहिल्या इंजिनाच्या वेळी मी ब्युरेट आणलीच नाही. ‘दोन मिलिमीटर काढा’ असे सांगून हेड फेस करायला दिले. गाडी सुरू झाली, पिकअपही वाढल्यासारखा वाटला, पण प्रत्येक चढावर इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येऊ लागला. हे नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी भडका) थांबवण्यासाठी टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेत घेत अखेर इतके मागे गेले की गाडी मूळच्यापेक्षाही मंद झाली. नंतर मोजले, तर रेशो त्या पेट्रोलला झेपणार नाही इतका वर गेला होता आणि दोन गॅस्केटे एकावर एक घालण्याची नामुष्की पत्करूनही ते इंजिन कधी समाधानाने चालले नाही.

फेसिंगला देण्याआधी पोर्टचे, म्हणजे हेडमधल्या हवेच्या आणि धुराच्या वाटांचे, काम उरकावे. इथे हौशी माणूस सर्वांत जास्त बिघडवतो, कारण ग्राइंडर हातात आला की भोक मोठे करण्याची घाई होते. मोठा पोर्ट म्हणजे जास्त हवा असे नसते. वाट विनाकारण रुंद झाली की हवेचा वेग पडतो आणि कमी आरपीएमला इंजिन मेल्यासारखे वागते. फायदा असतो तो व्हॉल्व्हच्या लगतच्या दोन-तीन सेंटिमीटरांत: सीटच्या (व्हॉल्व्ह टेकतो त्या कड्याच्या) खाली ओतीव कामाची उरलेली पायरी, गाइडभोवतीचा (व्हॉल्व्हच्या दांड्याच्या नळीभोवतीचा) बोजड उंचवटा आणि वळणाच्या आतल्या बाजूची धारदार कड या तीन जागा मऊ करून एकमेकींत मिसळवाव्यात. सीटखालचा गळा व्हॉल्व्हच्या व्यासाच्या साधारण ८५ ते ९० टक्के असावा, त्यापुढे जाऊ नये. पोर्टची खालची बाजू खोल करू नये. हवा तिथूनच वळते आणि ते वळण जितके सौम्य राहील तितके बरे. सीटला ओरखडा पडू नये म्हणून भंगारातला एक व्हॉल्व्ह जागेवर बसवूनच काम करावे. बिडाला कार्बाइड बर चालतो. अॅल्युमिनियम मात्र त्याच्या दातांत भरून बसते, म्हणून त्यासाठी मोठ्या दातांचा बर घ्यावा आणि त्याला अधूनमधून मेण लावावे. इनलेट पोर्ट आरशासारखा चकाकवू नये, ८० नंबरच्या पेपरची खर पुरेशी असते. एक्झॉस्ट पोर्ट मात्र गुळगुळीत केला, तर त्यात काजळी कमी धरते. शेवटी गॅस्केट टेम्प्लेटसारखे धरून मॅनिफोल्ड आणि हेड यांची तोंडे जुळवावीत.

हेड हातात आहे तोवर एक्झॉस्ट सीटचाही निकाल लावावा. थॉमस मिजली या अमेरिकी अभियंत्याने १९२१ मध्ये ज्याचा नॉकिंग थांबवण्याचा गुण शोधला ते शिशाचे संयुग पूर्वी पेट्रोलमध्ये घालत असत, आणि त्याचा पातळ थर सीटवर बसून बिडाचे रक्षण करी. २०२१ पर्यंत जगभर मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. ही गोष्ट आरोग्याच्या दृष्टीने फार चांगली झाली, पण कडक सीट नसलेल्या जुन्या हेडमध्ये तापलेला व्हॉल्व्ह सीटला सूक्ष्म प्रमाणात चिकटून दर वेळी थोडा धातू ओरबाडतो आणि हळूहळू आत रुतत जातो. एक्झॉस्टची टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्ह बंद असताना सोडलेली फट) पुन्हा पुन्हा कमी होत असेल, तर हेच चालले आहे असे समजावे. मशीन शॉपकडून कडक पोलादाच्या सीट बसवून घेतल्या की हा प्रश्न मिटतो.

सीट कापून आल्यावर व्हॉल्व्ह लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणे) घरीच करावे. व्हॉल्व्हच्या कडेला घासण्याच्या पेस्टचे तीन-चार ठिपके द्यावेत, रबरी टोकाची काठी दोन्ही तळव्यांमध्ये घोळवावी आणि दर काही फेऱ्यांनी व्हॉल्व्ह उचलून पाव वळसा पुढे टेकवावा. आवाज ऐकत राहावा: आधी खरखर येते, पेस्ट काम संपवत आली की ती सळसळीसारखी हलकी होते. सीटवर आणि व्हॉल्व्हवर एकसारखी, कुठेही न तुटलेली राखाडी रेघ दिसली की थांबावे. पेस्टचा कणही मागे राहू देऊ नये. मग स्प्रिंगसह व्हॉल्व्ह बसवून पोर्टमध्ये रॉकेल ओतावे आणि काही मिनिटे चेंबरमध्ये पाझर येतो का ते पाहावे.

हेड १.३ मिलिमीटरने उतरले की पुशरॉड तेवढेच लांब ठरतात, त्यामुळे रॉकरचा (पुशरॉड आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या तरफेचा) कोन बिघडतो. रॉकरच्या पायांखाली शिम (पातळ पट्ट्या) घालून किंवा आखूड पुशरॉड घेऊन हे सुधारावे. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातले अंतरही घटते. ते पाहायला पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातली मऊ माती थापावी, तिला ऑइलचे बोट लावावे, जुन्या गॅस्केटसह हेड बसवून टॅपेट सेट करावेत आणि क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या सावकाश फिरवावी. हेड काढून माती पात्याने कापली की सर्वांत पातळ जागी किती जाडी उरली ते दिसते. इनलेटला १.५ आणि एक्झॉस्टला २ मिलिमीटरच्या खाली ती जाऊ नये.

कॅम आणि जुळणी

नवा कॅम घ्यायचाच असेल, तर सौम्य घ्यावा. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला शर्यतीचा कॅम घातला की इंजिन सिग्नलला हेलकावे खाते आणि फायदा मिळतो तो जिथे आपण क्वचितच जातो त्या आरपीएमला. नव्या कॅमबरोबर टॅपेटही नवेच हवेत. कॅमचे टायमिंग केवळ खुणांवर न ठेवता क्रँकवर अंशांची चकती लावून तपासावे. पिस्टन नेमका वर कधी येतो हे नजरेने कळत नाही, कारण तिथे क्रँक काही अंश फिरली तरी पिस्टन हलत नाही. म्हणून हेड नसताना बोअरवर आडवी पट्टी आवळून, पिस्टन माथ्याच्या थोडा आधी अडेल असा बोल्ट तिला बसवावा, क्रँक हळूच दोन्ही दिशांनी अडेपर्यंत फिरवून चकतीवर दोन खुणा कराव्यात. त्यांचा बरोबर मध्य म्हणजे पिस्टनचा माथा.

हेडचे बोल्ट बसवण्याआधी ब्लॉकमधली आट्यांची भोके कोरडी करावीत. बंद भोकात ऑइल किंवा पाणी साचलेले असले आणि वरून बोल्ट आवळला, तर ते दाबले जाऊन ब्लॉकला चीर पडू शकते. बोल्ट मध्यापासून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळावेत. जोडणी करताना कॅमच्या लोबांना आणि टॅपेटच्या तळांना मॉलिब्डेनमची पेस्ट सढळ हाताने लावावी. ऑइल झिंक-फॉस्फरसचे प्रमाण पुरेसे असलेले घ्यावे. नव्या गाड्यांच्या ऑइलात ते कमी केलेले असते आणि सपाट टॅपेटला ते मानवत नाही. इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने फुगतात आणि चिरतात, म्हणून त्या नजरेला चांगल्या दिसल्या तरी बदलाव्यात.

पहिली सुरुवात आणि जुळवणी

प्लग न लावता, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा फिरवावा. मग प्लग लावून, दार उघडे ठेवून आणि अग्निशामक हाताशी घेऊन इंजिन सुरू करावे. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड कोणताही वास न देता माणसाला गुंगवतो. कॅम नवा असेल, तर इंजिन स्लोवर अजिबात सोडू नये, २००० आरपीएमच्या आसपास सुमारे २० मिनिटे चालवावे, कारण लोबवर ऑइल उडते ते फिरत्या क्रँकमुळे आणि स्लोला ते पुरेसे उडत नाही.

इग्निशन आधी जुळवावे आणि कार्ब्युरेटर नंतर. उलट केले, तर दोन्ही दोनदा करावे लागते. व्हॅक्यूमची नळी सोडून, स्ट्रोब लाइटने, वजनांचा अॅडव्हान्स (वेगाबरोबर ठिणगी आधी आणणे) पूर्ण उघडेल इतक्या आरपीएमला एकूण अॅडव्हान्स ३० अंशांच्या जवळ ठेवून सुरुवात करावी आणि चढावर भार देऊन ऐकावे. जुना डिस्ट्रिब्युटर डळमळत असेल, तर टायमिंगची खूणच नाचते. तेव्हा आधी त्याचे बुश बदलावेत.

जेटचा (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या भोकाचा) अंदाज प्लगच्या रंगावरून बांधण्याची रीत जुनी आहे. तापलेल्या इंजिनाने पूर्ण भारावर थोडे अंतर गेल्यावर एकदम क्लच दाबून इग्निशन बंद करावे, गाडी मोकळ्या, रहदारी नसलेल्या जागी थांबवावी आणि प्लग पाहावेत. इन्शुलेटर फिकट तपकिरी हवा. पांढरा पडला असेल, तर मिश्रण पातळ आहे आणि काळा काजळलेला असेल, तर जाड आहे. एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) लावला, तर हेच आकड्यांत कळते: पूर्ण भारावर १२.५ ते १३ भाग हवेला १ भाग पेट्रोल, आणि निवांत चालीत १४.७ च्या आसपास. एका वेळी एकच जेट बदलावा आणि प्रत्येक बदल वहीत लिहावा.

पहिले ५०० किलोमीटर वेग सतत कमीजास्त करत, पण इंजिनावर फार भार न टाकता चालवावेत, मग ऑइल आणि फिल्टर बदलावेत, टॅपेट पुन्हा सेट करावेत आणि गॅस्केट तसे मागत असेल, तर थंड इंजिनावर हेडचे बोल्ट पुन्हा तपासावेत. त्यानंतर पहिल्या दिवसासारखीच कॉम्प्रेशनची चाचणी घ्यावी. जास्त काळ व्हॉल्व्ह उघडा ठेवणारा कॅम बसवला असेल, तर रेशो वाढूनही गेजवरचा आकडा अपेक्षेइतका चढत नाही, कारण इनलेट व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो आणि स्टार्टरच्या संथ गतीला थोडी हवा परत बाहेर जाते. चारही आकडे एकमेकांच्या जवळ असतील, तर ते दोष म्हणून न मोजता वहीत नव्या पानावर तारखेसह लिहून ठेवावेत.